इनासकाकांचा शुक्रवार

आवाज करणारी कुठलीही वस्तू समोर दिसली की इनासकाका तिच्यावर तळहात ठेवायचे. चालू स्कूटरची टाकी, शिट्टीला आलेला कुकर, लग्नातला ढोल, प्रवचन चालू असताना चर्चमधला बाक. एकदा गाळे तपासायला एक सरकारी साहेब आले आणि तावातावाने नियम सांगायला लागले. काकांनी सरळ त्यांच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, जरा वेळ अंदाज घेतला आणि मला म्हणाले, "विज्या, हाताला लागत नाय. म्हंजे खोटं बोलतो." साहेब आले तसे गेले. ते आजतागायत वालीवच्या हद्दीत शिरलेले नाहीत, बदली मागून घेतली म्हणतात.

काका बहिरे होते, एवढाच त्याचा अर्थ. वसईजवळच्या वालीवला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा, भिंतीला भिंत लावून त्यांचा बिजागऱ्यांचा. पॉवर प्रेसवर पत्रा ठोकता ठोकता त्यांचे कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. मुलाने आखातातून कानात घालायचं यंत्र पाठवलं, ते एक दिवस घातलं आणि भंगाराच्या पिंपात टाकलं. "कानात माशी शिरल्यावानी वाटते," म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे स्वतःचा आवाज किती लावायचा याचा त्यांना काही हिशेब नव्हता. वसईच्या किल्ल्याची एक भिंत ते बंदरावर कुणाला तरी हाक मारत असताना पडली. लोक उगाच जुन्या चुन्याला दोष देतात. आपण काही बोललो की ओरडायचे, "जोरात बोल! मी थडग्यात हाय असं समजून बोल!"

माणूस रागीट. तांदूळ महाग झाला म्हणून राग, भातशेतीवर इमारती आल्या म्हणून राग, नळाला पाणी नाही म्हणून राग. पण वर्षातला एक दिवस असा असायचा की ते मांजरासारखे मऊ होत. गुड फ्रायडे. त्या दिवशी चर्चमध्ये घंटा वाजत नाही. घंटेच्या जागी एक लाकडी फळी असते, तिच्यावर बिजागरीने जोडलेली लाकडी हातोडी आपटते, खट खट खट. आम्ही गावातली पोरं त्याला खटखटं म्हणायचो. ते वाजवायचा मान वर्षानुवर्षं काकांचा. आमचं घर खाडीकडचं, आम्ही हिंदू, पण लहानपणी मी कुंपणाबाहेर उभा राहून ते ऐकलेलं आहे. फळीचा धक्का दंडातून छातीत जायचा आणि काकांचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी त्यांच्या कानात नाव घेऊन हाक मारली. गावाने त्यांना दिलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी कुणाला मागितलेली नव्हती.

आता पोरांकडे येतो. तुळिंजची सायली एके दिवशी माझ्या गाळ्यात आली, पुठ्ठ्याचे जाड तुकडे हवेत म्हणून. बाप मंत्रालयात कारकून, मूळचे देवगडचे, घरात दोन खोल्या, आणि पोरगी डोक्याच्या एका बाजूचे केस भादरलेली. सोबत गिटारवाला ओमकार आणि एक आडवा पोरगा. त्याला सगळे ढोल्या म्हणत, कारण तो आधी मंडळाच्या ढोलपथकात होता.

"पुठ्ठा कशाला गं?" मी विचारलं.

"भिंतीला लावायला, काका. आवाज बाहेर जातो. सोसायटीवाले वर चढून येतात."

"गाता काय?"

"गात नाही. पंक करतो," ती म्हणाली, चूल पेटवतो म्हणावं तितक्या सहज.

ओमकारने पुठ्ठा पुरतो का बघायला माझ्या टेबलावर स्पीकर ठेवला आणि तारेवर एक हात मारला. माझ्या गाळ्यातल्या पन्नास पालींनी शेपट्या टाकल्या. आणि त्याच वेळी इनासकाका दारात उभे. प्रेस बंद असताना भिंतीपलीकडे आपलं टेबल हललं कसं ते बघायला आले होते. त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला. ओमकार घाबरून थांबला.

"थांबला का रे? मार!"

त्याने मारलं. सायलीने तोंड उघडलं. ते गाणं नव्हतं, ती तक्रार होती, आणि अशी की महापालिकेत केली असती तर इमारत खाली करावी लागली असती. तुळिंजच्या टँकरबद्दल होतं. टँकर आला, टँकर आला, शेठच्या टाकीत ओतून गेला. काकांचे डोळे भरून आले. बिजागरीत बोट सापडलं तेव्हाही त्या माणसाला रडताना मी पाहिलेलं नव्हतं.

"विज्या," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाले, "ये मला आयकू येते रे. तेरेज शेवटाला बोलायची तवा मी नुसतं तिचं तोंड बघत बसायचो. ये आयकू येते."

तेरेज म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तेव्हापासून दर शुक्रवारी पोरं काकांच्या गाळ्यात. शुक्रवारी वालीवच्या गाळ्यांना सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी आवाज झाला तर संशय येणार, म्हणून काकांनी युक्ती काढली. स्वतः प्रेसवर बसायचे आणि भंगाराचा पत्रा ठोकायचे. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, इनास ओव्हरटाइम करतोय. काकांचा प्रेस चालू असला की शेजारी बॉम्ब फुटला तरी चहावाला मान वर करत नसे. "ठोका मी देतो," काका पोरांना सांगायचे, "तुम्ही माझ्यामागनं या. चुकलात तर पत्र्याखाली घालीन." ढोल्या शपथेवर सांगतो की त्यांचा ठोका कधी हलला नाही. हलेल कसा, चाळीस वर्षं त्याच ठोक्यावर जेवले होते.

आणि गावात काय पसरलं होतं? वालीवच्या एका गाळ्यात रात्री बारा वाजता सैतानाला बोलावतात. पोरी कोंबडीचं रक्त पितात. इंग्लंडहून एक माणूस येतो आणि जिभेवर कसला तरी कागद ठेवतो. तुळिंजच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर 'पालकांनो सावधान' असं लाल अक्षरांत फिरत होतं. मी जन्मभर थापा मारत आलोय, मला माझ्या धंद्याचा अभिमान आहे, पण या लोकांनी मला लाजवलं. खरं काय होतं? दुपारी दोन ते चार. डझनभर पोरं. एक पंखा, वडापाव, आणि साडेचारला घाई, कारण पोरगी क्लासला गेली असं समजून सायलीची आई पाचला तिला स्टेशनवर भेटायची. सैतान आला असता तर त्यालाही काकांनी पत्रा धरायला बसवलं असतं.

मला राग कशाचा येतो सांगू? गणपतीत याच तुळिंजमध्ये स्पीकरची अशी भिंत उभी राहते की बाळंतिणीच्या वॉर्डातली पोरं आल्यापावली परत जायचा विचार करतात. तेव्हा कुणी सावधान होत नाही. तेव्हा संस्कृती असते. एका पोरीने एका स्पीकरवरून पाणी मागितलं की संस्कृतीला ताप भरतो! भिंत उभी करणारा कोण, तर मंडळाचा प्रशांतभाऊ. पाण्याचे टँकर कुणाचे, तर प्रशांतभाऊच्या मेहुण्याचे. सायलीच्या गाण्याचा एक तुकडा मोबाइलवरून फिरला होता, चेहरे न दिसणारा. भाऊला सैतानाचं काही नव्हतं हो. सैतान त्याच्याकडून टँकर घेत असेल. त्याला ते गाणं कोण म्हणतं ते हवं होतं.

मग तो शुक्रवार आला. काकांनी पोरांना फक्त एवढं सांगितलं, "या शुक्रवारी मी नाय." चावी पोरांकडे असायचीच. काकांना वाटलं, याच्यापुढे काय सांगायचं. गुड फ्रायडे आहे हे वसईत कुत्र्यालाही माहीत असतं. पण पोरं तुळिंजच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. त्यांच्या कॅलेंडरवर तो लाल आकडा म्हणजे जोडून आलेली सुट्टी. कॉलेज बंद, ऑफिस बंद, सगळे मोकळे. म्हणून त्यांनी त्याच दिवशी आजवरचा सगळ्यात मोठा कार्यक्रम ठेवला. आणि आवाज झाकायला प्रेस हवा, काका नाहीत, म्हणून ढोल्याने पेडल दोरीने बांधून टाकलं. पत्रा न घालता. प्रेस रिकामाच ठोकत राहिला. जाणणाऱ्याला विचारा, रिकामा प्रेस भरल्या प्रेसपेक्षा मोठ्याने वाजतो. लोखंडावर लोखंड. दुपारी तीन वाजता, ज्या घटकेला अख्ख्या ख्रिस्ती वसईत पातेल्यावर झाकणसुद्धा जपून ठेवतात.

आमच्याच रांगेत लॉरेनचा प्लास्टिकचा गाळा. लॉरेन चर्चच्या कमिटीवर. त्याच्या वॉचमनने त्याला फोन केला, "साहेब, इनासशेठचा प्रेस चालू आहे." लॉरेनचा विश्वास बसेना, कारण इनास त्याच्या डोळ्यांसमोर खटखटं हातात घेऊन उभा होता. चर्चमधली भक्ती संपल्याबरोबर तो चार माणसं घेऊन निघाला. त्याच वॉचमनने प्रशांतभाऊलाही कळवलं होतं, तिकडून भाऊ वीस पोरं घेऊन. जे दोघे साकव बांधायला, गटार साफ करायला, तलाव वाचवायला कधी एका बाकावर बसले नाहीत, ते त्या दिवशी एका शटरसमोर खांद्याला खांदा लावून उभे. ऐक्य, ऐक्य म्हणतात ना, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मी माल पोचवून टेम्पोने परतलो तेव्हा शटर वर गेलं होतं. पाहुणी पोरं मागच्या गल्लीतून केव्हाच पांगली होती. ओमकारची गिटार दोन तुकड्यांत, स्पीकरला लाथेने भोक, आणि प्रेस एकटाच वेड्यासारखा ठोकतोय. बँडमधलं कुणी नाही. मी माझा गाळा उघडला तर फ्रिजच्या खोक्यातून हळूच आवाज आला, "विजूकाका, आम्ही आहोत." दोन्ही गाळ्यांचा पोटमाळा एकच, तिघंही त्यावरून माझ्याकडे उतरली होती. मी खोक्याची झाकणं दुमडली, वरून टेप मारला, 'उलटे ठेवू नये' ही बाजू नीट वर केली आणि बाहेर आलो.

"काय ओ, बघितलं का कुणाला?" प्रशांतभाऊने विचारलं.

"बघितलं ना. पाच जण होते. गोरेपान. पोर्तुगीज असावेत. किल्ल्याकडे पळाले."

भाऊची दोन पोरं खरोखर मोटरसायकलला किक मारून किल्ल्याकडे गेली. तिथे अजून शोधत असतील.

तेवढ्यात स्कूटरवरून इनासकाका आले. पांढरा शर्ट, काळी पँट, उपाशी पोट. कुणी काही बोलायच्या आत ते आत गेले आणि त्यांनी प्रेसवर हात ठेवला. मग दोरी सोडली. प्रेस थांबला. "डाय मेली," एवढंच म्हणाले. रिकाम्या ठोक्यांनी प्रेसमधला साचा फुटला होता. 

लॉरेन त्यांच्या तोंडासमोर जाऊन ओरडला, "इनास! आजच्या दिवशी प्रेस कोनी चालवला?"

काकांनी तुटकी गिटार पाहिली, स्पीकरचं भोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी माझा गाळा दाखवला.

"मी चालवला."

"तू? तू माझ्यासमोर खटखटं वाजवत होतास! अख्खं गाव बघत होतं!"

"मग दोन्ही मीच."

"आजच्या दिवशी खोटं बोलतो, इनास?"

"आजच्या दिवशी पोरांची नावं देनारा दुसरा होता. तो मी नाय."

लॉरेन पांढरा पडला. देवाला धरून देणाऱ्या त्या शिष्याचं काम आपण इनासला सांगतोय, हे त्याला कळलं. पण कमिटीवरची माणसं पांढरी पडली तरी मागे सरत नाहीत. म्हणाला, "नावं सांग. आम्ही घरी जाऊन समजावतो, विषय संपला. नाहीतर पुढल्या वर्षी खटखटं तुझ्या हातात नाय. लिहून ठेव."

"ओ चाचा," प्रशांतभाऊ मध्ये घुसला, "कशाला म्हातारपणी राडा करून घेता? आपल्या एरियात हे असलं चालत नाही. नावं टाका, घरी जा."

काकांनी भाऊच्या छातीवर तळहात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला.

"विज्या," ते म्हणाले, "याच्यात कायच वाजत नाय."

भाऊने हात झटकला, एक शिवी दिली, आणि जाताजाता उरलेल्या स्पीकरवर आणखी एक लाथ. त्या लाथेचा मला आजही राग येतो. मेलेल्याला कोण मारतं?

सगळे गेले. मी टेप फाडला. पोरं बाहेर आली, सायली रडत होती, काका वाचले म्हणून हसायलाही बघत होती. आणि तेव्हा काका फुटले. एवढा आवाज मी त्यांच्याकडूनही ऐकला नव्हता. पत्र्याच्या छपरावरचे कावळे उडाले ते थेट अर्नाळ्याला जाऊन बसले.

"आज आमचा देव मेला! तुमच्या घरात मयत असती आनि मी दारात ढोल बडवला असता, तर? आवडलं असतं?"

"आम्हाला खरंच माहीत नव्हतं, काका," सायली म्हणाली. "आम्हाला वाटलं सुट्टी आहे."

"माहीत नव्हतं! माझ्या गाळ्यात रोज खाता, पिता, बोंबलता, आनि माझा मेला कोन ते माहीत नाय! विचारलं का कोनी? मी तुमच्या टँकरसाठी ठोका दिला ना? मला तरी कुठं माहीत होता तुमचा टँकर? मी विचारला!"

तिघं खाली मान घालून उभी. काका थकून स्टुलावर बसले. मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी या. टायमावर. डाय मी नवी करतो."

पोरं लगेच आली नाहीत. भाऊ संशयावरून घरोघर फिरला होता, सायलीच्या वडिलांनाही 'मुलीकडे लक्ष ठेवा' असं सांगून आला होता. काका दर शुक्रवारी गाळा उघडून फाटक्या स्पीकरवर हात ठेवून बसायचे, शेवग्याच्या शेंगेसारखे सुकून. मी म्हणालो, सोडा ना काका. तर म्हणाले, "ती येनार. तिचा आवाज खोटा नाय." आणि एका शुक्रवारी ती आली, स्पीकरला नवा पडदा लावून. मागून दोघं. काकांनी पेडलवर पाय ठेवला.

पण लॉरेनने शब्द पाळला. पुढच्या गुड फ्रायडेला खटखटं लॉरेनच्या मुलाच्या हातात. काका शेवटच्या बाकावर, पुढच्या बाकाच्या पाठीवर तळहात दाबून. संध्याकाळी माझ्या घरी आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "पोरगा वाजवतो का माशा हाकलतो? कायच आलं नाय हाताला, विज्या. पूर्ण भक्तीत कायच नाय आलं." एवढं बोलून ते चहा न घेता गेले. काकांनी चहा नाकारलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांना नावं सांगायची होती फक्त. तीन नावं. एवढ्यात सगळं परत मिळालं असतं.

त्यानंतर त्यांनी गाळ्यात एक नवं खटखटं बनवलं. सागाची फळी, स्वतःच्या हाताने ठोकलेली बिजागरी. सायलीला दिलं. "घंटा बंद करतात ना," म्हणाले, "तवा हे वाजवायचं असते."

त्याच पावसाळ्यात काका गेले. झोपेतच. मुलगा आखातातून येईपर्यंत सगळे एक दिवस थांबले आणि मग चर्चमध्ये मिस्सा, त्यांच्यासाठीची प्रार्थना झाली. घंटा टोल देत होती, त्यांना कितीतरी वर्षांत ऐकू न आलेली घंटा. कब्रस्तानात छत्र्याच छत्र्या. लॉरेन बोलायला उभा राहिला. कमिटीतर्फे दोन शब्द. "इनास हा अत्यंत शांत स्वभावाचा माणूस होता..."

शांत! अहो, ज्याच्या हाकेने किल्ला पडला, तो शांत! माझ्या डोक्यात असा जाळ झाला की छत्रीवरचं पाणी उकळायला हवं होतं. मी पुढे होणार, तेवढ्यात सायलीने कॉलेजच्या बॅगेतून ते खटखटं काढलं. दोन्ही हातांनी धरलं. खट. खट. खट. लॉरेनचं वाक्य तोंडातच राहिलं. "अगं, आज गुड फ्रायडे नाय! हे आज वाजवत नाय!" तो तिच्याकडे निघाला. म्हातारे फादर तिथे होते, सगळ्या प्रकारात आजवर एक शब्द न बोललेले. त्यांनी लॉरेनचा दंड धरला.

"वाजवू दे," ते म्हणाले. "त्याला हेच आयकू यायचं."

तिने वाजवलं. तोंड आक्रसून, दात चावून, त्या टँकरच्या गाण्यात लावायची तोच जोर लावून. ढोल्या पायाने चिखलात ठोका देत होता, काकांचाच. मी पेटीच्या झाकणावर तळहात ठेवला. आतून काही आलं असं मी म्हणणार नाही. माझ्या थापांनाही एक हद्द आहे. पण फळीचा धक्का त्या लाकडात उतरत होता आणि माझ्या हाताला लागत होता, हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगतो.

काकांचा गाळा मुलाने विकला. आता तिथे पाण्याच्या बाटल्या भरतात. प्रशांतभाऊ अजून विचारत असतो, त्या पोरांचं ते सैतानाचं कुठे चालतं, म्हणून. मला काय माहीत? मी खोकीवाला माणूस. हल्ली ऑर्डर एवढ्या आहेत की शुक्रवारचीही सुट्टी घेता येत नाही, दुपारी दोन ते चार माझं मशीन धडधडत असतं. बाहेरच्याला कानावर हात ठेवावे लागतात.

वर्षातला एक शुक्रवार सोडून. त्या दिवशी गाळ्याला कुलूप असतं, आणि कुलपाची चावी पोरं स्वतःहून आदल्या दिवशी माझ्या हातात आणून देतात.